गुडघा कुठे जास्त सुधारतो? रुग्णांनी भरलेल्या फॉर्मांवरून रुग्णालयांची तुलना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयसमूहाच्या तीन शाखांमध्ये गुडघाबदलाच्या शस्त्रक्रिया होतात. इंग्लंडमध्ये एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) रुग्णांकडून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर फॉर्म भरून घेते आणि त्यावरून रुग्णालयांची तुलना करते, तशीच तुलना या तीन शाखांची करायची आहे. नमुना म्हणून बघितलेल्या तक्त्यात एका रुग्णालयापुढे १७.१ आणि दुसऱ्यापुढे १५.४ असा आकडा आहे. पहिलं रुग्णालय चांगलं म्हणायचं का? आणि आपल्याकडे हे करताना काय सांभाळायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. त्या दोन आकड्यांच्या शेजारी आणखी तीन रकाने असतात आणि घाईत ते वाचायचे राहतात. किती जणांनी आधीचा फॉर्म भरला, त्यातले किती रुग्णालयाच्या दाखल-नोंदीशी जुळले आणि किती जणांचा नंतरचा फॉर्म परत आला, हे ते तीन रकाने. गुण त्यानंतर वाचायचे.

इंग्लंडमधली ही योजना एप्रिल २००९ मध्ये सुरू झाली. तिचं रोजच्या बोलण्यातलं नाव प्रॉम्स, म्हणजे रुग्णाने स्वतः सांगितलेल्या परिणामांची मोजमापं. एनएचएसच्या खर्चाने होणाऱ्या चार शस्त्रक्रिया तिच्यात होत्या: खुबाबदल, गुडघाबदल, जांघेतला हर्निया आणि पायाच्या फुगलेल्या शिरा. शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयात झाली तरी बिल एनएचएस भरत असेल तर फॉर्म द्यावाच लागे. हर्निया आणि शिरा ऑक्टोबर २०१७ पासून वगळल्या, खुबा आणि गुडघा राहिले. हे सगळं करायची गरज का पडली तेही लक्षात घ्या. गुडघाबदलात मृत्यू फार कमी होतात आणि सांधा पुन्हा बदलायची वेळ बहुतेकांवर अनेक वर्षं येत नाही, त्यामुळे त्या आकड्यांवरून रुग्णालयारुग्णालयांत फरक करणं अवघड जातं. माणूस ऑपरेशनला तयार होतो तो रात्री गुडघा ठणकतो म्हणून, जिना उतरता येत नाही म्हणून. ते कमी झालं की नाही, हे त्यालाच विचारावं लागतं.

विचारायचं साधन म्हणजे ऑक्सफर्ड नी स्कोअर. गेल्या चार आठवड्यांबद्दलचे १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. गुण जास्त तितका गुडघा बरा. इथे पहिला खड्डा आहे. याच प्रश्नावलीची जुनी गुणपद्धत १२ ते ६० अशी होती आणि ती उलटी चालायची, म्हणजे गुण कमी तितकं चांगलं. जुन्या शोधनिबंधातला आकडा उचलून नव्या पद्धतीच्या आकड्याशेजारी ठेवला की सगळंच उलटं वाचलं जातं. जुन्या गुणावरून नवा काढायचा तर ६० मधून वजा करायचा. दुसरा नियम गाळलेल्या उत्तरांचा. बारापैकी दोनपर्यंत उत्तरं राहिली असतील तर भरलेल्या उत्तरांची सरासरी त्या जागी घालतात. दोनाहून जास्त राहिली तर एकूण गुण काढायचाच नाही. रिकाम्या जागी शून्य धरणं ही एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे ज्या शाखेचे फॉर्म अर्धवट भरलेले असतात तीच शाखा वाईट दिसते.

दुसरं साधन ईक्यू-५डी. हालचाल, स्वतःची काळजी, रोजची कामं, वेदना, चिंता-नैराश्य असे पाच प्रश्न. इंग्लंडच्या योजनेत याची तीन पातळ्यांची आवृत्ती वापरली: त्रास नाही, थोडा आहे, खूप आहे. पाच उत्तरांचा मिळून एक आकडा होतो, तो ब्रिटनच्या मूल्यसारणीनुसार (कुठल्या उत्तरांना किती किंमत द्यायची याचा तक्ता) १ पासून उणे ०.५९४ पर्यंत जातो. हा आकडा कसा उड्या मारतो ते एकदा हाताने करून बघा. समजा रुग्णाची उत्तरं २-१-२-३-२ आहेत, म्हणजे चालायला थोडा त्रास, अंघोळ-कपडे ठीक, कामांत थोडी अडचण, वेदना खूप, चिंता थोडी. सारणीनुसार याची किंमत ०.०८८. आता फक्त वेदनेचं उत्तर ‘खूप’वरून ‘थोडी’वर आणा, बाकी काही हलवू नका. २-१-२-२-२ ची किंमत ०.६२०. एका चौकोनातली खूण शेजारच्या चौकोनात गेली आणि ०.५३२ चा फायदा झाला. कारण असं की कुठल्याही एका प्रश्नावर तिसरी पातळी आली की या सारणीत वरून आणखी ०.२६९ कापले जातात. इंग्लंडमध्ये खुबाबदलाचा सरासरी फायदा साधारण ०.४५ च्या आसपास असतो, म्हणजे ही एक खूण त्याहून मोठी ठरते. म्हणून सरासरीवर भिस्त ठेवायची तर ती ऑक्सफर्डच्या गुणांवर ठेवा. ईक्यू-५डी वेगवेगळ्या आजारांवरचा खर्च तोलायला कामाचं आहे. दोन शाखांच्या गुडघ्यांची तुलना करायला ते फार ठोकळ पडतं.

हर्नियाचंही तेच झालं होतं. त्याच्यासाठी खास प्रश्नावली नव्हती, फक्त ईक्यू-५डी होतं. जांघेत गाठ आहे पण विशेष दुखत नाही, असा माणूस ऑपरेशनआधीच पाचही प्रश्नांना ‘त्रास नाही’ म्हणतो. त्याचा गुण आधीच १, आता तो सुधारणार कुठे? तक्त्यात दिसायचं की हर्नियाच्या जवळपास निम्म्याच रुग्णांना फायदा झाला. दोष मोजपट्टीचा होता, शस्त्रक्रियेचा नव्हता.

आता त्या १७.१ आणि १५.४ कडे येऊ. हे ‘समायोजित सरासरी फायदा’ असतात. कसे निघतात ते काल्पनिक आकड्यांवर बघा. देशाची सरासरी वाढ १६.५ गुण आहे असं धरा, जी इंग्लंडमधल्या गुडघाबदलाच्या जवळपासच आहे. रुग्णालय ‘क’ मध्ये १२० रुग्ण, आधीची सरासरी १५.२, नंतरची ३३.०, वाढ १७.८. रुग्णालय ‘ख’ मध्येही १२० रुग्ण, आधी २२.४, नंतर ३७.५, वाढ १५.१. नुसती वाढ बघितली तर ‘क’ पुढे. नंतरचे गुण बघितले तर ‘ख’ पुढे. दोन्ही दिशाभूल करतात. १५ वर असलेल्या माणसाला वर जायला ३३ गुणांची जागा आहे, २२ वाल्याला २६ ची. शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं कळसाला पोचलेलं असताना, त्यामुळे खूप खालून सुरू करणाऱ्याची थोडी वाढ काही न करताही होते. उलट, ज्याचा गुडघा फारच गेला आहे तो शेवटी तितक्या वर पोचत नाही.

म्हणून देशभरातल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदींवर एक समीकरण बसवतात. त्यात आधीचा गुण, वय, लिंग, वांशिक गट, राहत्या भागाची वंचितता, किती वर्षं दुखतंय, सोबतचे आजार, अपंगत्व, आधीची त्याच सांध्यावरची शस्त्रक्रिया, घरी एकटं राहणं अशा गोष्टी धरतात. समीकरण प्रत्येक रुग्णाचा नंतरचा अपेक्षित गुण देतं. प्रत्यक्ष गुणातून अपेक्षित गुण वजा करा, रुग्णालयाच्या सगळ्या रुग्णांवर त्याची सरासरी घ्या, आणि ती देशाच्या सरासरी वाढीत मिळवा. ‘क’ च्या रुग्णांचा अपेक्षित सरासरी गुण ३४.१ निघाला आणि मिळाला ३३.०, तर फरक उणे १.१ आणि समायोजित फायदा १५.४. ‘ख’ चा अपेक्षित ३६.९, मिळाला ३७.५, फरक अधिक ०.६, समायोजित १७.१. तुमचे दोन आकडे हे असे आले. १७.१ म्हणजे तिथला रुग्ण १७.१ गुणांनी सुधारतो असं नव्हे, हे यातून दिसतंच.

यात एक वादाचा मुद्दा आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. वंचितता समीकरणात घातली की गरीब वस्तीतल्या रुग्णालयाला अन्यायाने खाली ढकललं जात नाही. पण गरीब रुग्णांना सगळीकडेच फिजिओथेरपी कमी मिळत असेल, तर तेही ‘अपेक्षित’ म्हणून माफ होतं. माझं मत असं की समायोजित आकड्यासोबत न समायोजित आकडाही छापावा. एक रुग्णालयांच्या तुलनेसाठी, दुसरा रुग्णांना काय मिळतंय हे कळावं म्हणून.

पुढचा प्रश्न योगायोगाचा. गुडघ्याच्या गुणांत अपेक्षित गुणाभोवतीचं प्रमाण विचलन, म्हणजे एकेका रुग्णाचा गुण अपेक्षेपासून किती इकडेतिकडे जातो त्याचं माप, साधारण ९ ते १० असतं. ९.५ धरू. १२० रुग्णांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी योगायोगाने किती हलू शकते त्याचं माप, ९.५ भागिले १२० चं वर्गमूळ, म्हणजे ०.८७. दोन रुग्णालयांमधल्या फरकाची त्रुटी त्याच्या १.४१ पट, म्हणजे १.२३. फरक आहे १.७. हा त्रुटीच्या दीडपटसुद्धा नाही. नुसत्या योगायोगाने असा फरक सहज पडतो. हेच दोन आकडे ९००-९०० रुग्णांवर आले असते तर फरकाची त्रुटी ०.४५ झाली असती आणि १.७ हा त्याच्या जवळजवळ चौपट ठरला असता. तोच आकडा, पण रुग्णसंख्येनुसार अर्थ वेगळा.

इंग्लंडमध्ये हे एका आलेखात दाखवतात, ज्याला फनेल प्लॉट म्हणतात. आडव्या अक्षावर नोंदींची संख्या, उभ्यावर समायोजित फायदा, मधोमध देशाची सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना गाळणीसारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या मर्यादारेषा. आतली जोडी ९५ टक्क्यांची, बाहेरची ९९.८ टक्क्यांची. १२० नोंदींना आतल्या रेषा सरासरीपासून १.७ वर आणि बाहेरच्या २.७ वर येतात. आपली दोन्ही रुग्णालयं गाळणीच्या आतच आहेत. दोनशे रुग्णालयं असतील आणि सगळी खरोखर सारखीच असतील, तरी त्यातली दहा आतल्या रेषांच्या बाहेर पडतील. म्हणून ९५ च्या बाहेर गेलं तर लक्ष ठेवायचं आणि ९९.८ च्या बाहेर गेलं तर चौकशी लावायची, असा संकेत आहे. तीसपेक्षा कमी नोंदी असलेल्या रुग्णालयाचा आकडा दाखवतच नाहीत. आणि क्रमवारी, म्हणजे पहिलं, दुसरं, एकशे सत्तावन्नावं, हा प्रकार करूच नये. गाळणीच्या आतल्या रुग्णालयांचे क्रमांक पुढच्या वर्षी पत्त्यांसारखे पिसले जातात. वर्तमानपत्रांना मात्र तेच हवं असतं.

फरक खरा ठरला तरी तो किती मोठा, हा प्रश्न उरतोच. दोन गटांच्या सरासरीत ऑक्सफर्ड गुणांचा सुमारे ५ चा फरक असेल तर तो रुग्णांना जाणवण्याइतका धरतात. १.७ त्याच्या एक तृतीयांश. मग सोडून द्यायचं का? नाही. शंभर रुग्णांत ९२ जण दोन्हीकडे सारखेच असतील आणि उरलेले ८ जण एका ठिकाणी २१-२१ गुणांनी मागे राहिले असतील, तर सरासरीतला फरक १.७ च दिसतो. ते आठ जण कोण, हा खरा प्रश्न. कदाचित गुडघा आखडला, कदाचित जंतुसंसर्ग झाला. म्हणून सरासरीबरोबर नेहमी वितरण काढा: नंतरचा गुण आधीपेक्षा कमी असलेले किती, जेमतेम ५ गुणांपर्यंत वाढलेले किती. अधिकृत तक्त्यांतलं ‘९४ टक्के रुग्ण सुधारले’ यासारखं वाक्यही जपून वाचायचं. तिथे एका गुणाची वाढ झाली तरी सुधारणाच धरतात, आणि एका गुणाची वाढ त्या माणसाला कळतही नाही.

आता परत न आलेल्या फॉर्मांकडे. सगळ्यात जास्त गडबड इथे होते, आणि कुठलंही समीकरण ती पुरती दुरुस्त करत नाही. साखळी अशी आहे. रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी पहिला फॉर्म द्यायचा, बहुधा भूलपूर्व तपासणीच्या दिवशी. तो फॉर्म रुग्णालयाच्या दाखल-नोंदीशी जुळवला जातो. मग खुबा-गुडघ्यासाठी शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी (हर्निया आणि शिरा योजनेत होत्या तेव्हा त्यांच्यासाठी तीन महिन्यांनी) दुसरा फॉर्म थेट रुग्णाच्या घरी पोस्टाने जातो. तो रुग्णालय पाठवत नाही, वेगळी कंत्राटी संस्था पाठवते, आणि हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्याच्या वॉर्डातल्या सिस्टरने ‘आता कसं वाटतंय?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं.

समजा १०० रुग्ण पात्र होते. ७५ जणांनी पहिला फॉर्म भरला, ७० जुळले, ६७ जणांना दुसरा पाठवला, ४८ परत आले. तक्ता उभा आहे तो या ४८ वर. न परतलेल्यांत तरुण वयाचे, वंचित भागात राहणारे, वांशिक अल्पसंख्य आणि आधीपासून जास्त त्रास असलेले प्रमाणाबाहेर असतात. उशिरा परतलेल्या फॉर्मांतले गुणही थोडे खालचेच असतात. ज्यांचा मृत्यू झाला ते तर हिशोबात येतच नाहीत. म्हणून हा तक्ता नेहमी नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीच्या (सांधाबदलाच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या) मृत्यू आणि पुनर्शस्त्रक्रियेच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचायचा. ती नोंदवही २००३ पासून चालू आहे.

याचा परिणाम किती होतो ते मोजता येतं. न परतलेल्यांचे गुण परतलेल्यांपेक्षा सरासरी ४ ने कमी आहेत असं धरा. एका शाखेत ८५ टक्के फॉर्म परत आले, तर तिची खरी सरासरी दिसते त्यापेक्षा ०.६ ने खाली. दुसरीत ५० टक्केच आले, तर तिची २.० ने खाली. काहीही न करता, केवळ पाठपुरावा न केल्यामुळे, दुसरी शाखा १.४ गुणांनी चांगली दिसते. नेमाने फोन करणाऱ्या शाखेलाच त्याची शिक्षा होते. अहवालात हा हिशोब ३, ४ आणि ५ गुणांचा फरक धरून तीनदा करून दाखवा. तिन्हींत निष्कर्ष टिकला तरच तो मांडा.

पहिल्या फॉर्ममध्येही खोट शिरते. दाखल झाल्याच्या दिवशी, कपडे बदलून, सलाईनची सुई टोचल्यावर फॉर्म दिला तर चिंतेच्या प्रश्नाला उत्तर वेगळं येतं आणि घाईत रकाने रिकामे राहतात. सहा-आठ महिने आधी दिला तर तो शस्त्रक्रियेच्या वेळची स्थिती सांगत नाही, कारण गुडघा मधल्या काळात आणखी बिघडलेला असतो. काही ठिकाणी सहभागाचं प्रमाण १०० टक्क्यांच्या वर दिसतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. फॉर्म भरला पण ऑपरेशन रद्द झालं किंवा पुढच्या वर्षात गेलं, की अंश वाढतो आणि छेद तिथेच राहतो. पण २० टक्क्यांचं प्रमाण दिसलं तर थांबा. कोणाला फॉर्म द्यायचा हे तिथे कोणीतरी निवडतंय, जाणूनबुजून असो वा आळसाने. २०१४ पासून इंग्लंडमध्ये खुबा-गुडघाबदलाचा वाढीव दर मिळण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत किमान ५० टक्के सहभाग आणि फायदा देशाच्या सरासरीपेक्षा लक्षणीय खाली नसणं या दोन होत्या. पैसे जोडले की फॉर्म वाढतात. त्यांचा दर्जा वाढतोच असं नाही.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल थोडं. गुडघा सहा महिन्यांनंतरही सुधारत राहतो, त्यामुळे ही मुदत लवकर उभं करणाऱ्या, फिजिओ पहिल्या दिवसापासून लावणाऱ्या रुग्णालयांना थोडं झुकतं माप देते. स्वीडनच्या खुब्याच्या नोंदवहीत एक वर्षानंतर विचारतात, अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या मोजमापात ३०० ते ४२५ दिवसांत. कुठलीही मुदत घ्या, पण तिन्ही शाखांत तीच हवी, आणि फॉर्म प्रत्यक्षात कितव्या दिवशी भरला ती तारीख नोंदवलेली हवी.

एखादी शाखा खरोखर मर्यादेच्या बाहेर गेली तर चौकशीचा क्रम पाळा. आधी नोंदी तपासा: गुणांची दिशा, रिकामे रकाने, डावा-उजवा गुडघा, दोनदा चढलेला रुग्ण. मग रुग्णांची जातकुळी: पुनर्शस्त्रक्रिया यात मिसळल्या का, संधिवाताचे (झिजेचा नव्हे, रुमॅटॉइड प्रकारचा) रुग्ण जास्त आहेत का. मग सोयी: फिजिओ रविवारी असतो का, रुग्ण कितव्या दिवशी घरी जातो. मग पद्धत: वेदनाशमन, रक्ताच्या गुठळ्या टाळण्याची औषधं. सर्जनचं नाव सर्वांत शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर पहिल्याच बैठकीत विभागप्रमुख ‘आमचे पेशंटच अवघड असतात’ म्हणतील, आणि तुमच्याकडे त्यावर उत्तर नसेल. एक कडू गोष्टही सांगायला हवी. इंग्लंडमध्ये हे आकडे प्रसिद्ध व्हायला लागल्यावर पहिल्या काही वर्षांत रुग्णालयांच्या कामगिरीत त्यामुळे ठळक सुधारणा झाल्याचं दिसलं नाही. तक्ता वर्षा-दीड वर्षाने येतो, तोवर निवासी डॉक्टर बदललेले असतात, आणि १५.४ हा आकडा कोणाला काय करायचं ते सांगत नाही.

आता तुमच्या तीन शाखा. प्रत्येकीत वर्षाला १५० पूर्ण जोड्या, म्हणजे आधीचा आणि नंतरचा दोन्ही फॉर्म, जमल्या असं धरलं तर दोन शाखांमधला साधारण २.२ पेक्षा कमी फरक तुम्हाला ओळखता येणार नाही. दोन वर्षांचे ३००-३०० धरले तर ही मर्यादा १.५ वर येते. तेव्हा पहिल्या वर्षी शाखांची तुलना छापू नका. प्रत्येक शाखेची तिच्याच मागच्या तिमाहीशी तुलना करा आणि आधी फॉर्म परत येण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर न्या. समीकरण साधं ठेवा: आधीचा गुण, वय, लिंग, मधुमेह आणि रुमॅटॉइड संधिवात. साडेचारशे नोंदींवर वीस घटक घातले तर समीकरण रुग्णांऐवजी योगायोगच शिकतं. इंग्लंडच्या समीकरणातले आकडे उसने घेऊ नका, तिथला रुग्ण आणि आपला रुग्ण वेगळ्या टप्प्यावर ऑपरेशनला येतात. आपल्याकडे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलणारे बरेच असतात, त्यांचा गट वेगळा ठेवा. एक गुडघा झाला आणि सहा महिन्यांच्या आत दुसराही झाला, तर पहिल्याचा दुसरा फॉर्म तुलनेतून काढा.

प्रश्नावलीला परवाना लागतो. ऑक्सफर्डची ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या परवाना संस्थेकडून, ईक्यू-५डी युरोक्वॉल संस्थेकडून. ईक्यू-५डीची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे. स्वतः भाषांतर करून वापरू नका, त्या गुणांची कशाशीच तुलना होत नाही. पाच पातळ्यांची आवृत्ती घेतलीत तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली भारतीय मूल्यसारणी वापरा. तिच्यात सर्वांत वाईट अवस्था उणे ०.९२३ पर्यंत जाते, म्हणून तिच्यावरचा फायदा इंग्लंडच्या फायद्याशेजारी ठेवायचा नाही.

ऑक्सफर्डच्या बारा प्रश्नांत गुडघे टेकून बसून पुन्हा उठता येईल का, असा एक प्रश्न आहे. त्यात ‘येईल का’ विचारलंय, ‘बसता का’ नाही. आपल्याकडे डॉक्टरांनीच खाली बसायला मनाई केलेली असते, म्हणून रुग्ण ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. एका शाखेतले सर्जन मनाई करतात आणि दुसऱ्या शाखेतले करत नाहीत, एवढ्यावर चार गुणांच्या प्रश्नात फरक पडतो. या प्रश्नाची सरासरी शाखानिहाय वेगळी काढून बघा. मांडी घालणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास वापरणं यांबद्दल विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण बारा प्रश्न संपल्यावर, वेगळ्या पानावर. ते गुण ४८ मध्ये मिसळायचे नाहीत.

फॉर्म कोणी भरला हा रकाना ठेवाच: स्वतः, मुलाने-सुनेने वाचून दाखवून, की फोनवर विचारून. आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलगा देतो आणि तो सांगतो ते आईचं चालणं, तिची रात्रीची वेदना नाही. आधीचा फॉर्म कागदावर आणि नंतरचा फोनवर असं झालं की फोनवर माणसं जरा बरंच सांगतात, आणि तो सगळा फरक तुमच्या ‘फायद्या’त जमा होतो. तीनही शाखांत दोन्ही वेळा एकच रीत ठेवा. फोन करणारी व्यक्ती तिन्ही शाखांसाठी एकच असावी आणि ती ऑर्थोपेडिक विभागातली नसावी. पहिल्या फॉर्मवर दोन मोबाइल क्रमांक घ्या, एक रुग्णाचा आणि एक घरातल्या दुसऱ्या कोणाचा, कारण सहा महिन्यांनी गावी गेलेल्या माणसाचा एक नंबर हमखास लागत नाही. नंबरांच्या खाली गुडघा डावा की उजवा हे अक्षरात लिहून घ्या, नुसतं ‘डा’ किंवा ‘उ’ नको.